बत्तीस फुटी नवरदेव

वळ गावच्या केसरीनाथांना कोणतंही काम एका बटणात उरकलेलं आवडे. धाकटी लेक मृणाली पायथनमध्ये वेबसाइट बनवायला शिकली म्हटल्यावर त्यांनी तिच्यापुढे घरची दोन कामं एकदम टाकली. नवं गोडाऊन भाड्याने द्यायचं आणि थोरल्या भाविकचं लग्न जमवायचं. पान एकच हवं, बटणही एकच. दोन-दोन बटणं दाबत बसायला आपल्याला टाइम न्हाय, असं त्यांनी बजावलं.

खरी घालमेल भाविकची होती. याआधी आलेल्या पाहुण्यांनी आधी गोडाऊन बघितलं, मग चहा घेतला आणि जाता जाता त्याच्यावर एक नजर टाकली. कुणीतरी मला बघायला येऊ दे, एवढंच त्याने बहिणीला सांगितलं होतं. मृणालीला ते लागलं. तिने त्याचा छान हसरा फोटो स्वतः काढला.

पानावर तिने दोन फॉर्म मांडले, वर भाविकचा, खाली गोडाऊनचा. फोटो आणि उंची हे रकाने दोन्हींत होते आणि पोरीने त्यांना दोन्हीकडे नावंही तीच ठेवली. जुळ्यांना एकाच नावाने हाक मारली की कोण ओ देणार? सर्व्हरने आपल्या परीने तोडगा काढला. शेवटी आलेला फोटो आणि शेवटी आलेली उंची त्याने दोन्ही फॉर्मना देऊन टाकली. केसरीनाथांनी बटण दाबलं, तयार झालेला बायोडेटा न उघडताच पाच घरी व्हॉट्सॲपवर धाडला आणि जेवायला बसले.

बायोडेट्यात भाविकच्या नावाखाली निळ्या शटरचं गोडाऊन उभं होतं. उंची बत्तीस फूट.

मृणालीने ते पाहिलं आणि लगेच लॅपटॉप उघडला. दोन्ही फॉर्मना वेगवेगळा प्रीफिक्स, म्हणजे रकान्यांच्या नावांआधी आडनावासारखी खूण, द्यायचा असतो, हे तिला शिकवलेलं होतं. तिने तो आता दिला, पण बैल गेला नि झोपा केला.

संध्याकाळपर्यंत चार घरांचे होकार आले. एकानेही नवरदेवाचा चेहरा विचारला नाही, उंचीबद्दल तर अवाक्षर नाही. साइट झकास चालते म्हणून केसरीनाथ खूश. भाविक मात्र ओट्यावर तोंड पाडून बसला आणि त्याच्याकडे बघून मृणालीला रडूच आलं.

पाचवा फोन राहनाळहून आला, तोही थेट मुलीचा. नाव रुचिका. मृणालीने तो स्पीकरवर घेतला.

"फोटोत पोरगा दिसत न्हाय," रुचिका म्हणाली. "शटरच्या मागं उभा हाय का? आणि खरंच बत्तीस फूट असंल तर सांगा, आमच्या दारातून त्याला वाकून यावं लागंल."

मृणालीने आपली चूक सांगितली आणि खरा फोटो लगेच पाठवते म्हणाली. तेवढ्यात भाविक उठून पायात चपला घालू लागला.

"फोटो ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "बाबा, त्या चौघांना गोडाऊनच दाखवा. मी राहनाळला जातो."