टेपखाऊ

“लाल बटण खाली गेलं खरं, पण हे ऐकतंय की नुसतंच डोळे मिटून पडलंय?”

मी जपून ठेवलेलं पहिलं वाक्य हे. बोलणारी बाई शिवणयंत्रापुढे बसली होती. तोंडात दोन टाचण्या धरलेल्या, त्यामुळे शब्द ओठांच्या एका कोपऱ्यातून वाट काढत येत होते. किती वर्षं झाली त्याला! माझ्या अंगावरची चंदेरी अक्षरं पुसली गेली, झाकणाची एक बिजागरी निखळली. पण तो आवाज माझ्या आत अजून जागा आहे.

मित्रांनो, मी एक जुना वॉकमन आहे. तुमच्यातल्या पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. साबणाच्या वडीहून थोडा मोठा माझा आकार. पोटात एक कॅसेट मावते, पाठीत दोन सेल. एका लांबच लांब टेबलावर, पांढऱ्या टोप्या घातलेल्या मुलींच्या हातून मी घडत गेलो. एकीनं चाकं बसवली, एकीनं रबरी पट्टा चढवला, शेवटच्या मुलीनं माझ्या डोक्यावर टिचकी मारून म्हटलं, “जा, गा आता.” माझ्या बहुतेक भावंडांना फक्त वाजता यायचं. मला ऐकून टिपूनही घेता यायचं. लाल बटण दाबलं की माझा कान उघडायचा.

शिवणयंत्रापुढच्या त्या बाईचं घर दोन खोल्यांचं होतं. ती लोकांचे कपडे उसवून, आखूड करून, सैल करून द्यायची. तिला दोन मुलं. मोठा चौदा वर्षांचा, त्याला सगळे दादा म्हणत. धाकटी नऊ वर्षांची, तिचं नाव काय ते मला कधी कळलंच नाही. तिला सगळे चिमणी म्हणत. आईला इस्पितळात जाऊन राहायचं होतं. “पंधरा दिवसांचा तर प्रश्न,” ती म्हणाली आणि जाण्याच्या आदल्या दिवशी तिनं मला विकत आणलं. चिमणीला आईच्या आवाजाशिवाय झोप लागत नसे, म्हणून.

तिनं घरातल्या एकुलत्या एका कॅसेटवर पाव तास बोलून ठेवलं. “चिमणे, दात घासलेस का? खरं सांग, मला इथवर वास येतो. दादाशी भांडलीस? कुणी कुणाला आधी मारलं हे मी विचारत नाही, शेवटी कुणी मारलं ते सांग.” असं बरंच काही. आणि अगदी शेवटी यंत्राच्या पायपट्टीच्या ठेक्यावर तिनं स्वतः जुळवलेल्या दोन ओळी गायल्या. पहिली अशी होती:

पुढं गेली माझी सुई, मागं राहिला रे दोरा

दुसरी मी इथे सांगत नाही. ती सांगण्याचा मान माझा नाही. ज्याचा आहे तो यथावकाश बोलेल.

मग तिनं मापाची खूण करायचा आपला पांढरा खडू उचलला आणि कॅसेटच्या एका बाजूवर बारीक फुली मारली. “फुलीची बाजू माझी,” ती मुलांना म्हणाली. “कोरी बाजू दादाची. त्याला त्याचं ते तोंडातलं वाजवायला.” दादा तेव्हा माउथ ऑर्गन शिकत होता. शिकत होता म्हणजे शेजारी खिडक्या लावून घेत होते.

पंधरा दिवस संपले. आई परत आली नाही.

त्यानंतर मी रोज चिमणीच्या उशाशी असायचो. माझे नारिंगी स्पंजाचे हेडफोन तिच्या कानांना मोठे व्हायचे, तरी ती ते दोन्ही हातांनी दाबून धरायची. आईचं बोलणं ऐकताना ती उत्तरं द्यायची. “घासले गं दात. त्यानंच आधी मारलं.” शेवटचं गाणं सुरू झालं की पहिल्या ओळीतच तिचे डोळे मिटायचे. दुसरी ओळ तिनं एकदाही जागेपणी ऐकली नाही. अंगाई चांगली असली की तिचं असंच होतं, ती पुरती ऐकायला कुणी उरत नाही.

मग दादा यायचा. बहिणीच्या कानावरचे हेडफोन हलकेच काढायचा आणि मला बंद करण्याआधी त्यातला एक स्वतःच्या कानाशी धरायचा. दुसरी ओळ संपेपर्यंत उभा राहायचा. दिवसा मात्र चिमणी म्हणाली, “दादा, तूपण ऐक ना,” की तो मान उडवायचा. “मला नाही ऐकायची ती रडगाणी. मी काय बाळ आहे?”

मित्रांनो, आता माझ्यावर आलेला आळ ऐका.

एका दुपारी दादानं कॅसेट पँटच्या खिशात घातली, मला काखोटीला मारलं आणि गच्चीवर गेला. शाळेत स्पर्धा होती आणि आपण कसं वाजवतो ते त्याला ऐकून बघायचं होतं. त्यानं कॅसेट खिशातून काढली तेव्हा फुली नव्हती. ना या बाजूला, ना त्या बाजूला. शिवणकामाचा खडू तो! काम झालं की कापडावरची खूण झटकून जावी, म्हणून तर तो तसा असतो. ज्या बाईनं उभा जन्म त्या खडूनं खुणा केल्या, तिला शाईची आठवण झाली नाही, आणि तिच्या मुलांनाही नाही.

दादानं कॅसेट उलटीसुलटी करून पाहिली. थोडं वाजवून बघितलं असतं तर कळलं असतं. पण सेल उतरत आले होते आणि तो घाईत होता. त्यानं अंदाजानं एक बाजू घातली, लाल बटण दाबलं आणि अर्धा तास जीव तोडून वाजवलं. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. मला फक्त ऐकता येत होतं. नवं ऐकताना माझं जुनं पुसलं जातं, अशीच माझी घडण.

मग त्यानं टेप मागे फिरवली, ऐकली आणि त्याचा चेहरा धुतलेल्या पाटीसारखा झाला. बराच वेळ तो पाण्याच्या टाकीला टेकून बसून राहिला. शेवटी माझं झाकण उघडून त्यानं बोटानं टेप ओढून काढली, हातभर, दोन हात, चुरगळली, माझ्या चाकांभोवती गुंडाळली. खाली येऊन बहिणीला म्हणाला, “तुझ्या या डबड्यानं टेप खाल्ली.”

चिमणी रडली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर रडण्याहून वाईट होती. त्या दिवसापासून त्या घरात माझं नाव टेपखाऊ पडलं.

गुंता झालेली कॅसेट तिनं बटणांच्या डब्यात ठेवली आणि मला आईच्या शिवणयंत्राच्या डाव्या ड्रॉवरमध्ये. रिळं, बॉबिनी, खडूचे तुकडे आणि मी. त्या आठवड्यात कुणीतरी ड्रॉवर गुपचूप उघडला आणि माझ्या पाठीतले सेल काढून घेतले. सेल आत राहिले असते तर त्यांना पाणी सुटून माझे तारतुकडे कुजले असते, मी आज बोलायला उरलो नसतो. काढणारा दादा होता. ज्यानं माझ्यावर आळ घेतला त्यानंच मला वाचवलं. अशा माणसावर धड रागावताही येत नाही.

वर्षं गेली. चिमणी मोठी झाली, चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात लागली. काच घासून किती पातळ झाली ते ती अंगठ्यानं ओळखायची. दादा लिफ्ट दुरुस्त करू लागला. त्याच्या नखांतलं काळं वंगण कधी निघालं नाही. शिवणयंत्र चिमणीबरोबर तिच्या सासरी गेलं आणि यंत्राबरोबर मी. दादा दर रविवारी सकाळी बहिणीकडे चहाला यायचा, आणि दर काही वर्षांनी हटकून एक खोकं घेऊन यायचा.

पहिल्या खोक्यात चपटा, गोल, सीडीच्या तबकड्या वाजवणारा निघाला. “आवाज कसा काचेसारखा,” दादा म्हणाला. आवाज खरंच सुरेख होता, पण पठ्ठ्या भारी नाजूक. जरा धक्का बसला की अडखळायचा. त्याला घेऊन कामावर जाताना चिमणी काठोकाठ भरलेला पेला हातात असल्यासारखी चालायची. लोकांना वाटायचं, बाईची पाठ धरली आहे.

मग काडेपेटीएवढा एक आला. त्याच्या पोटात ना कॅसेट, ना तबकडी, तरी म्हणे हजार गाणी. काचा घासायच्या यंत्रांच्या घरघरीत चिमणी तो ॲप्रनच्या खिशात ठेवायची. एकदा तो ॲप्रनसकट धुतला गेला आणि तरीही दोन दिवस वाजला, हे तो आम्हाला ड्रॉवरमध्ये आल्यावर इतक्यांदा सांगत असे, की तबकडीवाला म्हणे, “बाबा रे, तू अजून ओलाच आहेस.”

त्यानंतर फोन आला. तो काही अजून ड्रॉवरमध्ये आलेला नाही. तो तिच्या हातालाच चिकटला आहे.

“दादा, मला काय चार कान आहेत?” ती दर वेळी हसायची. “का आणतोस रे इतकं?”

“असू दे,” एवढंच तो म्हणायचा आणि चहात बघत बसायचा. ड्रॉवरच्या फटीतून मला त्याचे हात दिसायचे. खोकं देताना ते एखादं वजन खाली ठेवावं तसं ठेवायचे, पण वजन काही उतरायचं नाही.

मागच्या वर्षी चिमणीच्या मुलीला बाळ झालं. चिमणी आजी झाली. बाळाला मांडीवर घेऊन ती गुणगुणायची, “पुढं गेली माझी सुई, मागं राहिला रे दोरा...” आणि तिथेच थांबायची. पुढे नुसता हुंकार. बाळ डोळे उघडून वाट बघायचं.

“आई, पुढे काय?” मुलीनं विचारलं.

“पुढचं टेपखाऊनं खाल्लं.” ती हसून बोलली, पण बाळाला थोपटणारा हात थांबला. “दोन ओळींचं तर गाणं होतं गं. माझ्याकडे अर्धंच आलं. तुला अर्धंच म्हटलं, आता यालाही अर्धंच.”

 दुसऱ्या दिवशी मुलीनं मला आणि बटणांच्या डब्यातली कॅसेट पिशवीत घालून एका म्हाताऱ्या रेडिओवाल्याकडे नेलं. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, माझं पोट उघडलं, रबरी पट्टा बदलला, नवे सेल घातले. मग तो गुंता पेन्सिलीनं हळूहळू सोडवत गेला, आणि मध्येच थांबला.

“कोण म्हणालं यानं टेप खाल्ली?”

“सगळेच म्हणतात, काका.”

“वॉकमन टेप खातो तेव्हा कडा दुमडतात, बारीक दातरे पडतात. इथे तसं काहीच नाही. ही बोटानं ओढलेली आहे, ताई. हा गरीब बिचारा निर्दोष आहे.”

इतक्या वर्षांनी कुणी माझ्या बाजूनं बोललं. माझ्या नव्या पट्ट्याला कापरं भरलं.

रविवारी दादा आला. टेबलावर मला बघून त्यानं हातातला कप न पिताच खाली ठेवला. भाचीनं रेडिओवाल्याचं सगळं बोलणं त्याला सांगितलं. “मामा, बोटानं ओढलेली म्हणे. कुणी ओढली असेल?”

मामा थंड होणाऱ्या चहात बघत बसला.

चिमणीनं बटण दाबलं.  माझ्या इवल्याशा स्पीकरवर मी वाजू लागलो आणि खोलीत माउथ ऑर्गन घुमला. बेसूर, जिद्दी, चौदा वर्षांचा. तुटलेली टेप रेडिओवाल्यानं जिथे जोडली होती तिथे खट्ट झालं आणि तो पुन्हा सुरू झाला. आईचा आवाज कुठेच नव्हता. चिमणी शेवटपर्यंत ऐकत राहिली, मग तिनं भावाकडे पाहिलं.

“हा तर तू आहेस.”

“मीच,” दादा म्हणाला. त्याचे केस पांढरे झाले होते, पण आवाज गच्चीवरच्या मुलाचा होता. “खडू पुसला गेला खिशात. मला बाजू कळली नाही. पुसलं मी, चिमणे. आणि मग टेपही मीच ओढली. त्यानं नाही खाल्ली. तुला सांगायलाच यायचो. दर रविवारी.”

 बाळानं चिमणीचं बोट धरलं होतं, ते तिनं सोडवलं नाही.

“इतकी यंत्रं आणून दिलीस मला,” ती म्हणाली, “एक वाक्य नाही आणता आलं तुला?”

दादानं मान खाली घातली.

“मी किती बोल लावले या बिचाऱ्याला!” तिनं माझ्या खिळखिळ्या झाकणावरून अंगठा फिरवला, काच पारखावी तसा. मग एकदम थबकली. “पण आईचं ते गाणं? तू तर म्हणायचास, तुला नाही ऐकायचं.”

“ऐकायचो. तू झोपलीस की.”

“शेवटपर्यंत?”

“शेवटपर्यंत. अजून म्हणतो कधीकधी. लिफ्टमध्ये एकटा असलो की.”

चिमणीनं झाकण उघडलं, कॅसेट काढली आणि उलटी करून पुन्हा घातली. “आई म्हणाली होती, कोरी बाजू दादाची. कोरीच आहे ती अजून. आता बोल.”

तिचं बोट लाल बटणाकडे निघालं आहे. मित्रांनो, ते एकदा खाली गेलं की मला बोलता येणार नाही, मला ऐकावं लागेल. म्हणून त्याआधी घाईघाईनं एक मागणं मागतो. घरातल्या जुन्या वस्तूला ड्रॉवरमध्ये ठेवाल तेव्हा तिचे सेल काढून ठेवा. आत राहिलेलं कुजतं आणि आजूबाजूचंही कुजवतं. जपायची खूण खडूनं करू नका, शाईनं करा. आणि काही बिघडलं, तर मुक्या वस्तूवर ढकलण्याआधी क्षणभर आपल्या बोटांकडे बघा. आम्ही रागावत नाही, पण वाट मात्र फार बघतो.

खट्. लाल बटण खाली गेलं.

“पुढं गेली माझी सुई, मागं राहिला रे दोरा...” चिमणी म्हणाली आणि तिच्या नेहमीच्या जागी थांबली.

दादानं घसा खाकरला. जाड्याभरड्या, वंगणात बुडालेल्या आवाजात, आईच्याच ठेक्यावर, तो म्हणाला,

“वाऱ्या, लेकीचा-लेकाचा नको उसवू निवारा.”