मुतेंबेईचा ताप

मुतेंबेई खुनाच्या खटल्यातून सुटला, तो त्याच्या आईच्या साक्षीवर. ती आई, कोकुगोंझा बाई, त्याला घेऊन बुकोबाच्या कोर्टातून गावी आली तेव्हा भाऊबंदांनी केळ्याची दारू काढली. शेजारच्या केळीच्या बागेत मात्र त्या दिवशी चूल पेटली नाही. ते घर कागारुकीचं. बांधावरून भांडण होऊन कोयत्याने मारला गेला तो हाच. मागे त्याची बायको केमिलेंबे आणि दोन मुली राहिल्या होत्या.

केमिलेंबेने मारताना पाहिलं होतं. दिवस मावळत होता, ती सैपाकघरामागे शेंगा सोलत होती. मुतेंबेईला ती लग्न होऊन आली तेव्हापासून ओळखत होती. मारणारा तोच, त्याचा आवाजही ऐकला, असं तिने कोर्टात सांगितलंही. पण कोकुगोंझाने शपथेवर सांगितलं की पोरगा दुपारपासून तापाने फणफणून घरात पडला होता. संधिप्रकाशात, केळीच्या दाटीत बाईची नजर चुकली असेल, असं म्हणून न्यायाधीशांनी त्याला सोडलं.

खरं काय ते कोकुगोंझाला ठाऊक होतं. त्या संध्याकाळी तो धापा टाकत आला, तेव्हा कोयत्यावर पाणी तिनेच ओतलं होतं. तो म्हणाला, "आई, मला ताप होता. दुपारपासून." ती म्हणाली, "होता." त्यानंतर त्या घरात हा विषय निघाला नाही.

पुढे सरकारने अपील केलं. कागद आला तशी कोकुगोंझाची झोप उडाली. सीमेपलीकडे युगांडात तिची बहीण होती. काही दिवस मावशीकडे जा, असं तिने सुचवून पाहिलं. तो हसला.

"पळालो तर लोक म्हणतील, केलंय म्हणून पळाला. आणि भितेस कशाला? तूच तर सोडवलंस मला."

वकिलानेही धीर दिला. आता कुणाला पिंजऱ्यात उभं करणार नाहीत, जुने जबाब तेवढे वाचतील, असं तो म्हणाला.

अपिलाला तीन न्यायाधीश बसले. मुतेंबेई इस्त्रीचा सदरा घालून आला होता. केमिलेंबे दुसऱ्या टोकाच्या बाकावर थोरल्या मुलीला घेऊन बसली होती. सरकारी वकील तरुण मुलगी होती, आवाज बारीक. तिने कोकुगोंझाचाच जबाब वाचायला घेतला. पोराला ताप होता तर तुम्ही काय केलंत, असं तेव्हा उलटतपासणीत विचारलं होतं. काहीच केलं नाही म्हणणाऱ्या आईवर कोण विश्वास ठेवेल, असं वाटून कोकुगोंझाने आपल्या मनाने जोडून दिलं होतं: उन्हं उतरल्यावर मी खालच्या आळीतल्या नर्सबाईकडे गोळ्या आणायला गेले, परत आले तेव्हा अंधार पडला होता, पोरगा अंथरुणातच होता. मुतेंबेईने हे सांगायला सांगितलं नव्हतं. त्या वेळी कुणी त्यावर पुढे विचारलंही नाही.

"म्हणजे खून झाला तेव्हा ही बाई घरात नव्हती," सरकारी वकील म्हणाली आणि खाली बसली.

निकाल त्याच आठवड्यात लागला. मुख्य न्यायाधीश इंग्रजीत वाचत होते, दुभाष्या स्वाहिलीत सांगत होता. आईच्या साक्षीने मुलगा त्या वेळी घरात होता हे ठरत नाही. केमिलेंबेने ओळखीचा माणूस जवळून पाहिला, त्याचा आवाजही ऐकला. तिच्यावर अविश्वास ठेवण्यात खालच्या कोर्टाची चूक झाली. आरोपी दोषी. शिक्षा फाशी.

कोकुगोंझा उभी राहिली. वकिलाने तिच्या खांद्यावरचं कापड धरून ओढलं, पण ती बसली नाही.

"साहेब, मी कुठेच गेले नव्हते. गोळ्यांचं मी उगाच सांगितलं. मी घरातच होते."

दुभाष्याने ते सांगितलं. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं, "घरातच होतात, तर मुलगा कुठे होता?"

तिने मुतेंबेईकडे पाहिलं. सगळं कोर्ट तिच्याकडे पाहत होतं. मुतेंबेईने मान वळवली.

"बस, आई," तो म्हणाला. "पुरे झालं."

त्याला मागच्या दाराने नेलं. तिला भेटू दिलं नाही.

बाहेर आंब्याखाली केमिलेंबे मुलीबरोबर गाडीची वाट बघत होती. कोकुगोंझा तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "तुझी नजर चुकली नव्हती, केमिलेंबे."

"मला काय सांगता?" केमिलेंबे म्हणाली. "मी तिथेच होते. सगळं गाव मला खोटारडी म्हणत होतं, तेव्हा सांगायचं होतं, काकी." मग तिने मुलीचा हात धरला आणि ती चालू लागली.

सरोवरापलीकडच्या मोठ्या तुरुंगात मुतेंबेई अजून आहे. शिक्षा झालेल्यांना तिथे फाशी देत नाहीत, सोडतही नाहीत. कोकुगोंझा बोटीने जाते, जमेल तेव्हा. तो बागेचं विचारतो, कॉफी फुलली का विचारतो. ती उत्तरं देते. जाताना नेहमी पोळी-मासळी बांधून नेते, आणि शिपाई ती दारातच ठेवून घेतात.