झाकणाखालची चीर

मित्रांनो, तुमच्या घरातल्या कुकरचा मी थोरला भाऊ. जाड पोलादाचा, घट्ट झाकणाचा, पोटात रसायनं शिजवणारा एक जुना रिअ‍ॅक्टर. मुलुंडच्या एका वर्कशॉपमध्ये मी घडलो, बरीच वर्षं रंगाच्या कारखान्यात राबलो आणि उतारवयात घाटकोपरच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आलो.

तिथे गंधाली आणि मुकुल संशोधन करत. गंधाली केळीच्या सालींपासून भुकटी बनवी. त्या भुकटीचे कण इतके सूक्ष्म, की डोळ्यांना दिसतच नसत. वाकोल्याच्या वडेवाल्यांकडचं जळकं तेल, मिथेनॉल हा झटकन पेटणारा द्रव आणि ही भुकटी माझ्या पोटात तापली, की कमी धूर करणारं इंधन तयार होई. किती तापवायचं, ते संगणकातली कृत्रिम बुद्धिमत्ता सुचवी. सगळे तिला एआय म्हणत. तिच्यामुळे महिन्यांचं काम दिवसांत होऊ लागलं. पाहुणे येत, इंधनाची बाटली उजेडात धरून वाहवा करत. मी सुखावत असे.

पण मला एक भीती होती. झाकणाखाली, गळ्याच्या सांध्यात, केसाएवढी चीर पडली होती. माझी तपासणी विभागप्रमुख विद्याधर सरांनी दोनदा पुढे ढकलली होती. मला बोलता येत नाही. दर वेळी तापताना ती चीर थोडी लांबायची आणि मी धास्तावायचो.

एका दुपारी एआयने नेहमीपेक्षा बरीच जास्त उष्णता सुचवली. तिच्या हिशेबात मी नवाकोराच होतो. माझं वय तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

हीटर तापला. सांधा करकरू लागला. गंधालीचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. ‘दूर हो, पोरी!’ मी आतल्या आत आक्रोश करत होतो.

“मुकुल, उष्णता वाढतेय, मग दाबाचा काटा खाली का येतोय रे?”

“स्क्रीनवर तर सगळं झकास आहे. उगाच टेन्शन घेऊ नकोस गं.”

तिने नाक पुढे केलं. “वास येतोय. गळतंय हे! बाहेर पळ!”

तिने भिंतीवरचा मुख्य स्विच बंद केला आणि मुकुलला दंडाला धरून दाराबाहेर ओढलं. त्याच क्षणी माझा गळा फाटला. उकळतं तेल दारापर्यंत उडालं. गंधालीच्या मनगटावर फोड उठले. हीटर चालू असता, तर मिथेनॉलने पेट घेतला असता.

सर धावत आले. तिचा हात पाहून ते पांढरेफटक पडले. “तपासणी मी करायला हवी होती गं,” एवढंच ते पुटपुटले.

“सर, माझं काट्याकडे लक्षच गेलं नसतं, तर?” गंधाली म्हणाली.

आता माझ्या जागी नवा रिअ‍ॅक्टर आहे. काम पुन्हा सुरू झालंय, आणि ते व्हायलाच हवं. मी कोपऱ्यात धूळ खातो. हीटरचा आवाज आला, की कुठे सांधा करकरतोय का, ते मी अजून कान देऊन ऐकतो. नवं पोलादही थकणार आहे, तेही मुकंच असणार आहे. मित्रांनो, उद्या तुम्ही त्याच्याजवळ उभे असाल, तेव्हा स्क्रीनवरून नजर काढून त्याच्याकडे बघाल ना?