मुक्या तोबेची लाकडी जीभ

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी घंटा आहे. कुत्र्याच्या गळ्यात बांधतात, ती. मुठीएवढा माझा आकार, आतून पोकळ, आणि त्या पोकळीत लाकडाच्याच दोन जिभा. दोन जिभा असूनही मी कधी खोटं बोलले नाही. पण एकदा मी गप्प राहिले. गप्प ठेवली गेले म्हणा हवं तर. त्या वेळच्या पानांचा कडवट वास अजून माझ्या तोंडात आहे. तो आला की लाकूड असूनही माझ्या अंगावर काटा येतो.

इतुरीच्या रानात वादळाने एक झाड पाडलं. त्याचा तुकडा मारोयी नावाच्या, एफे जमातीच्या शिकाऱ्याने उचलला आणि सुरीच्या टोकाने तो मला आतून कोरत बसला. मधूनच मला कानाशी धरून हलवायचा, तोंड वाकडं करायचा आणि पुन्हा कोरायचा. शेवटी एकदा तो हसला.

‘‘आता बोलते बघ,’’ तो बायकोला म्हणाला.

उलिमे निखाऱ्यावर केळी भाजत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘चला, घरात कुणीतरी बोलणारं आलं. तू तर ओठ शिवूनच जन्मलास.’’

आमच्या रानातले कुत्रे भुंकत नाहीत. देवाने त्यांना नाक दिलं, पाय दिले, शेपटीला वेटोळं दिलं, आणि गळा द्यायच्या वेळी त्याचं लक्ष मधाच्या पोळ्याकडे गेलं, असं मारोयीची बुकानाआत्या म्हणायची. म्हणून त्यांच्या गळ्यात आम्ही घंटा. रान असं दाट, की पाच पावलांवरचा कुत्राही दिसत नाही. मग माणसं कान लावून बसतात. टक... टक... म्हणजे कुत्रा वास शोधतोय. टकटकटक म्हणजे सावजामागे लागला. एकदम शांतता म्हणजे सावज अडवून उभा आहे, धावा.

शिकारीच्या जागी पोचेपर्यंत मात्र सावजाला चाहूल लागू नये म्हणून माझ्या तोंडात ओली पानं कोंबत. जागा आली की पानं काढत आणि कुत्रा सोडत. तोंडात पान म्हणजे ‘थांब, अजून वेळ आहे’, एवढाच त्याचा अर्थ होता तेव्हा.

मला तोबेच्या गळ्यात बांधलं. तांबडा कुत्रा, चारी पंजे पांढरे, कपाळाला आठ्या. जन्मतःच काळजीत पडल्यासारखा दिसायचा. तो धावला की मी गायचे, आणि मी गायले की वस्तीत चुली पेटायच्या. माझा आवाज ऐकून बायका आधीच लाकडं गोळा करायला लागत. ‘‘तोबेची जीभ बोलली,’’ म्हणत. ते माझे सोन्यासारखे दिवस.

इथे त्या वस्तीची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या रीतीच्या पोटातून निघालं. ज्याच्या हातात घास, त्याने तो मोडायचा आणि अर्धा द्यायचा. दिल्याचा गवगवा करायचा नाही, कारण गवगवा करणारा हलका. आणि दुसऱ्याला ‘देऊ नकोस’ असं सांगायचं नाही, कारण तसं सांगणारा त्याहूनही हलका. तोबे तर सगळ्यांचाच. प्रत्येक झोपडीच्या दारात त्याच्या वाटणीचं काहीतरी असायचंच.

एके दिवशी ओढ्याकाठी त्याने तांबडं रानडुक्कर अडवलं. मी गप्प झाले, तेव्हा माणसांनी धाव घेतली. पण डुकराने सुळा घातला तो त्यांच्या आधी. तोबे हवेत उडाला, मी दगडावर आपटले. माझ्या कडेला ही जी चीर दिसते ना, ती तेव्हाची. तोबेचा मागचा पाय मांडीत फाटला होता आणि खाली मोडून लोंबत होता. तो ओरडला नाही. घशातून बारीक शिटीसारखा एक श्वास गेला, बस.

सडकेकाठच्या गावात तेव्हा डॉक्टर काविरा मुक्कामाला होती. पिसाळलेल्या कुत्र्यांच्या रोगाची लस टोचत गावोगाव फिरणारी ती बाई. मारोयीने तोबेला खांद्यावर टाकून नेलं आणि तिच्यापुढे ठेवलं. तिने जखम धुतली, शिवली, पाय सरळ करून पट्ट्या बांधल्या. मग पांढऱ्या गोळ्यांची पुडी त्याच्या हातात दिली.

‘‘रोज सकाळी एक. आधी खायला घाल, मग गोळी. आणि एकाच हाताने द्यायची. कुणाच्या?’’

‘‘माझ्या,’’ मारोयी म्हणाला.

‘‘माणसांची दुखण्याची गोळी याच्या पोटात जाता कामा नये. तुकडासुद्धा नाही. खाणं सोडलं, ओकला, शी काळी झाली, तर गोळी बंद, आणि थेट माझ्याकडे.’’

‘‘एका गोळीने सगळं दुखणं जाईल?’’

‘‘नाही जाणार. थोडं राहूच दे. सगळं पुसून टाकलंस, तर हा उद्याच डुकराचा पत्ता विचारत निघेल.’’

मारोयी हसला. मला मात्र त्या हसण्याच्या पाठीमागे काहीतरी पाय न वाजवता चालत येतंय, असं वाटलं.

वस्तीवर सगळे भोवती जमले. बुकानाआत्याने विचारलं, ‘‘काय म्हणाली रे डॉक्टरीण?’’

‘‘रोज एक गोळी, म्हणाली.’’

‘‘आणि?’’

मारोयीने तोंड उघडलं, आणि मिटलं. कारण ‘आणि’च्या पुढे होतं, ‘तुम्ही कुणी काही देऊ नका’. आत्याला, म्हाताऱ्या आत्याला, जिच्या मांडीवर तो वाढला तिला, हे कसं सांगायचं? शब्द ओठांपर्यंत आला आणि परत गेला. मी पाहिला तो जाताना.

तोबेला उलिमेच्या झोपडीत पानांच्या अंथरुणावर निजवलं. दुखण्याने त्याचं अंग थरथरायचं, आणि त्या थरथरीने मी वाजायचे. टक. टक. टक. बुकानाआत्याची झोपडी शेजारीच. तिला ते ऐकवेना. ती येऊन बसली, तिने त्याच्या कपाळाच्या आठ्यांवरून अंगठा फिरवला आणि गुणगुणली:

नीज रे तांबड्या, रान पांघर अंगाला,
तुझं दुखणं वाहू दे, वाहत्या त्या ओढ्याला.

‘‘ही मेली झोपू देत नाही माझ्या लेकराला,’’ असं म्हणत तिने ओली पानं चुरगाळली आणि माझ्या तोंडात कोंबली. मायेनेच कोंबली हो. मायेने कोंबलेलं पान सगळ्यांत घट्ट बसतं.

मग तिने कनवटीच्या पुडीतली गोळी काढली. तिच्या गुडघ्यांसाठी गावच्या दवाखान्यातून मिळालेली. तिने ती मोडली. अर्धी स्वतः गिळली, अर्धी पामच्या तेलात चुरून तोबेला चाटवली. कुणाला काही बोलली नाही. रीतच तशी.

दुसऱ्या दिवशी उलिमेचा भाऊ अबाऊ आला. तोबे त्याचा जीव की प्राण. सडकेवर मोटारसायकलवाल्या फेरीवाल्याला मधाचं पोळं देऊन त्याने लाल गोळ्या आणल्या होत्या. ओझी वाहणारे हमाल त्या खातात आणि पाठ विसरून चालतात. त्याने केळ्यात एक गोळी दडवली आणि बहिणीची पाठ वळलेली बघून तोबेला भरवली. तोही बोलला नाही. आणि सकाळी मारोयी पांढरी गोळी देतच होता.

रोज तीन हात, तीन माया, आणि पोट एक.

पहिले काही दिवस सगळे खूश. तोबे कण्हत नव्हता, थरथरत नव्हता. एकदा तर मोडका पाय टेकून उभाही राहिला. ‘‘बघितलंत दाजी?’’ अबाऊ मारोयीला म्हणाला, ‘‘पुढच्या पौर्णिमेला आपल्यापुढे पळेल.’’ मारोयीला वाटलं, किती गुणाची पांढरी गोळी. आत्याला वाटलं, आपली अर्धी गोळी लागू पडली. अबाऊला वाटलं, मधाचं पोळं सार्थकी लागलं. प्रत्येक जण मनातल्या मनात हसत होता, आणि मी त्या हसण्यांच्या मधोमध लटकत होते.

मी तोबेच्या गळ्यापाशी होते, मित्रांनो. बाकीच्यांना तो निजलेला दिसत होता. मला त्याची नाडी लागत होती. आधी ती जड पावलांनी चालायची, आता ती बारीक होऊन पळत सुटली होती, पाठलाग चुकवणाऱ्या सावजासारखी. त्याच्या तोंडाला गंजक्या लोखंडासारखा वास येऊ लागला. तो झोपडीमागे सरपटत जाऊन ओकायचा आणि पानं ओढून ते झाकायचा. त्याची शी डांबरासारखी काळी झाली, पण पाऊस ती धुऊन न्यायचा. पाणी मात्र पीत राहायचा. पट्ट्या बांधलेला पाय ओढत ओढ्यापर्यंत जायचा, प्यायचा, यायचा, पुन्हा जायचा.

‘‘पाणी पितोय म्हणजे बरा होतोय,’’ कुणीतरी म्हणालं.

मी ओरडत होते. पण पानं माझ्या जिभांवर बसली होती. आयुष्यभर ज्याच्या वतीने मी बोलले, त्याच्या मरणाची बातमी माझ्या पोटात होती आणि मला तोंड उघडता येत नव्हतं. आत्या रोज ताजं पान कोंबायची. सुकलेलं काढायची, ओलं घालायची. ‘‘निजू दे हो शांत,’’ म्हणायची.

मग वारुळांतली वाळवी पंख फुटून उडायला लागली, आणि बायका ती गोळा करायला लांबच्या वारुळांकडे मुक्कामाला गेल्या. आत्याही गेली. माझ्या तोंडातलं पान तसंच राहिलं. ते वाळलं, आक्रसलं, त्याचा चुरा झाला. बायका परतल्या त्या सकाळी तोबेच्या अंगातून एक थरथर गेली, आणि चुरा खाली सांडला.

टिक. टिकटिक. टिक.

सगळे शेकोटीभोवती वाळवी भाजून खात होते. उलिमेचा हात तोंडाजवळच थांबला.

‘‘ऐकलंत?’’

‘‘तोबेची जीभ,’’ अबाऊ म्हणाला. ‘‘उठला वाटतं गडी!’’

‘‘उठला असता तर टक टक वाजली असती. पळाला असता तर टकटकटक. हे काय आहे?’’ ती उठली. ‘‘हा हलत नाही, मग ही वाजते कशी?’’

वस्तीतल्या प्रत्येकाला माझी भाषा कळायची. ही चाल मात्र कुणीच ऐकली नव्हती. उलिमेने आत वाकून तोबेचा ओठ वर केला. एरवी गुलाबी असणारी हिरडी राखेसारखी पांढरी होती. तिने त्याच्या नाकापुढे भाजलेली वाळवी धरली. त्याने मान वळवली.

‘‘मारोयी, काय देतोस तू याला?’’

‘‘पांढरी गोळी. रोज एक. तिने सांगितली तेवढीच.’’

‘‘एवढीच?’’ ती सगळ्यांकडे वळली. ‘‘आणि बाकीच्यांनी?’’

दिल्याचं बोलायचं नसतं. शेवटी बुकानाआत्याने कनवटीला हात घातला आणि उरलेली पुडी जमिनीवर ठेवली. तिच्याकडे बघून अबाऊने लाल गोळ्या ठेवल्या, कशाबशा, त्या हात भाजत असल्यासारख्या.

‘‘मधाचं पोळं दिलं होतं गं मी,’’ तो म्हणाला. ‘‘अख्खं.’’

आत्या मारोयीकडे वळली. ‘‘डॉक्टरीण अजून काय म्हणाली होती?’’

‘‘म्हणाली होती, एकाच हाताने. माणसांचं औषध बिलकूल नको.’’

‘‘आणि तू आम्हाला सांगितलं नाहीस?’’

‘‘तुला कसं सांगू, आत्या? ‘देऊ नकोस’ असं?’’

‘‘मेल्या,’’ म्हातारी हळूच म्हणाली, ‘‘मी तुझ्या घंटेचं तोंड बांधलं, तुझं कुणी बांधलं होतं?’’

अबाऊने तोबेला झोळीत घातलं आणि पावसातून सडकेच्या गावाकडे धावत सुटला; मागोमाग मारोयी, उलिमे आणि आत्या. त्या वाटेवर मी अशी वाजत होते, की झाडांवरची माकडंही गप्प झाली.

डॉक्टर काविराने सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही, त्याचंच सगळ्यांना भय वाटलं. तिने तोबेच्या कातडीखाली सुईने पाणी सोडलं आणि पोटाच्या जखमांवरचं औषध दिलं. ‘‘तीनही औषधांनी मिळून आतून सोललंय याला,’’ ती म्हणाली. ‘‘वाचला तर नशीब. आता मी सांगेपर्यंत दुखण्यावर काहीच द्यायचं नाही.’’

‘‘मग त्याचं दुखणं?’’ उलिमेने विचारलं.

‘‘ते त्याला सोसावं लागेल. आणि तुम्हाला ऐकावं लागेल.’’

ते दिवस मी विसरणार नाही. तोबेच्या पायातली कळ परत आली, होती त्याहून दुप्पट होऊन. तो थरथरायचा आणि मी वाजायचे. माणसं जेवताना, पोरं खेळताना, पाऊस पडताना, टक, टक, टक. कुणाला घास गिळवेना. एकदा अबाऊने कान दाबून धरले, मग उठून एक हिरवं पान तोडलं आणि माझ्याकडे हात आणला.

बुकानाआत्याने तो हात वरच्यावर धरला.

‘‘वाजू दे,’’ ती म्हणाली. ‘‘वाजतेय तोवर आहे तो.’’

तिथेच बसून ती ऐकत राहिली. या वेळी गायली नाही.

तोबे वाचला. हळूहळू त्याने तिच्या हातून पेज चाटली, मग मासा खाल्ला, मग मांस. हिरड्या गुलाबी झाल्या. तेव्हा कुठे डॉक्टरने पुन्हा दुखण्याचं सौम्य औषध दिलं, आणि या वेळी वस्तीवर येऊन सगळ्यांना समोर बसवून सांगितलं. ते कसं पाळायचं, हे आत्याने ठरवलं. मारोयी सकाळी औषध देई आणि एक हिरवं पान माझ्या तोंडात नव्हे, तर माझ्या दोरीला बांधी. पान दिसलं की प्रत्येकाने आपला हात मागे घ्यायचा. त्यात कुणी कुणाला ‘देऊ नकोस’ म्हणायला नको. जे जिभेला जमलं नाही, ते पानाने केलं.

तोबेचा पाय वाकडाच जुळला. तो पुन्हा कधी डुकरामागे गेला नाही. आता मी त्याच्या पिलाच्या गळ्यात आहे आणि शिकारीला जाताना माझ्या तोंडात पानं कोंबतातच. पानाची चव लागली की मी घाबरते. कोंबणारा हात ते काढायला विसरला तर, असं वाटतं.

मित्रांनो, तुमच्या अंगणातही एखादं मुकं जनावर असेल. ते दुखण्यातून उठत असेल, तर त्याला माया द्या, पण औषध एकाच हाताने आणि जाणत्याला विचारूनच द्या. आणि ते अचानक गप्प झालं, तर ‘बरं वाटतंय त्याला’ असं म्हणून पाठ फिरवू नका. जवळ जा. वाका. त्याच्या गळ्यातल्या घंटेत कुणी पान तर कोंबलं नाही ना, ते आधी बघा.