रुद्रप्पांची नळी

सिद्धम्माच्या प्रयोगातल्या रंगाची गंमत अशी, की नुसत्या पाण्यात तो मुका असे. जांभळ्या दिव्याखाली नळी धरली तरी अंधारच. पण रक्तातलं प्रथिन भेटलं, की त्याच्या घडीत शिरून तोच रंग निळसर उजळे. तिला शिकवणारे अण्णाराव सर म्हणत, "मंडपाबाहेर खांबाला टेकलेला माणूस बघ. कुणी हाताला धरून टाळकऱ्यांत बसवला, की चेहरा कसा फुलतो! तसंच हे." सरांना कीर्तनाबाहेरची उपमा सुचतच नसे.

प्रथिन तापवलं की घडी उलगडते, रंगाचा आसरा सुटतो आणि उजेड मावळतो. तो कसकसा मावळतो, तेच सिद्धम्मा सोलापूरच्या कॉलेजात मोजत होती.

रक्त तिच्या वडिलांचं. दुधनीच्या अडतीवर तोलाई करणारे रुद्रप्पा हौसेनं बाही सारून बसले होते. "एवढंच व्हय? मला वाटलं, घागर आणलीस!"

पुढे महिनाही झाला नाही आणि रुद्रप्पा गेले. कपाळभर विभूती लावून, मांडी घालून बसवून, त्यांना मातीत ठेवलं. सगळं उरकून सिद्धम्मा परतली. सोलापुरात सात रस्ता चौकात बसमधून उतरताना तिला एकदम आठवलं. अप्पांचं थोडं रक्त अजून फ्रिजात होतं.

ती तशीच पिशवीसकट प्रयोगशाळेत आली. अंधाऱ्या खोलीचा काळा पडदा सारून सर बाहेर आले. ती रजेवर आहे, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

"आलीस? तुझं राहिलेलं मीच उरकत होतो. वडिलांची नळीसुद्धा उकळत्या पाण्यात ठेवली. पण काहीतरी विचित्र आहे गं."

"सर, अप्पा गेले."

सरांनी तिच्या हातातली पिशवी उतरवून घेतली.

"आमच्यात अग्नी देत नाहीत, सर."

"मला माहीत असतं तर, बाळ..."

"तुमी काय मुद्दाम केलंय व्हय? पण आता बाहेर काढा की."

"केव्हाच काढली. ती विझत नाही."

आत, जांभळ्या दिव्याखाली, उकळलेल्या सगळ्या नळ्या काळ्या पडल्या होत्या. एक उजळत होती. सरांनी दिवा बदलून पाहिला होता, शेजारी कोऱ्या पाण्याची नळी ठेवली होती. ती काळीच होती. या नळीतला उजेड मात्र सावकाश हलत होता, बसल्या जागी कुणी कूस बदलावी तसा.

"पुन्हा उकळू नका," सिद्धम्मा म्हणाली.

"नाही गं. तुझा आलेख अर्धा राहिला तरी चालेल."

ती मागच्या बागेत गेली आणि बीकरभर माती घेऊन आली. नळी तिनं दिव्याखालीच दुसऱ्या रिकाम्या बीकरात उभी केली, वाकडी होऊ दिली नाही. मग चिमटीचिमटीनं माती सोडू लागली. सर हात जोडून पुटपुटत होते.

माती अर्ध्यावर आली. वरची अर्धी नळी उघडीच होती, पण तिथला उजेड मंद होत गेला आणि डोळ्यांदेखत नाहीसा झाला.

"सर, दिवा बंद केलात?"

सरांनी आपल्या सदऱ्याकडे बोट केलं. पावडरीनं धुतलेला तो पांढरा सदरा जांभळ्या दिव्यानं अंधारात लख्ख चमकत होता. दिवा चालूच होता.

सिद्धम्मानं उरलेली माती नळीवर ओतली आणि तळव्यानं हलकेच दाबली.