एकशे सात नंबरमध्ये मी नको होतो

मी एक्स्ट्रा बेड बोलतोय. माझं साधं नाव घडीचा पलंग, पण या हॉटेलात मला सगळे नुसतं 'एक्स्ट्रा' म्हणतात. एक्स्ट्रा काढा, एक्स्ट्रा लावा, एक्स्ट्रा कुठे मेला. रोज असं ऐकून कोणाचाही स्वभाव बिघडेल. माझाही बिघडला आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. लोखंडी नळ्या, ताणलेली जाळी, स्पंजची पातळ गादी आणि चार चाकं, एवढाच माझा संसार. मला जोडणाऱ्या कारागिराला जेवायची घाई होती, त्यामुळे माझी डावी खिटी नीट बसलीच नाही. मनात आलं की मी आपोआप मिटतो. कारागीर याला खोट म्हणाला असता. मी याला मत म्हणतो.

हे हॉटेल सहकुटुंब येणाऱ्यांचं आहे. पोहण्याचा तलाव, घसरगुंड्या, आणि दर तासाला मुलांचे खेळ पुकारणारा कर्णा. लोक मला मुलासाठी म्हणून मागवतात. मूल माझ्यावर अर्धा तास उड्या मारतं आणि झोपायला आईच्या कुशीत शिरतं. मग बाप पाय बाहेर काढून माझ्यावर पडतो आणि सकाळी 'छान झोप लागली' असं धडधडीत खोटं बोलतो. नणंद-भावजया एका खोलीत असल्या तर 'तुम्ही मोठ्या पलंगावर झोपा', 'छे, तुम्हीच झोपा' हे इतक्या गोड आवाजात चालतं की माझ्या जाळीला घाम फुटतो.

पण मला सांगायचंय ते एका शनिवार-रविवारबद्दल.

आमच्या रिसेप्शनवर एक नियम आहे. पाहुण्याचं वय साठीच्या वर असलं की खोलीत एक्स्ट्रा पाठवायचा. पाहुण्याला विचारायचं नाही. कधीतरी कोण्या गृहस्थाने पाठदुखीची तक्रार केली होती, त्याचा हा नियम झाला. म्हणजे दुखली एकाची पाठ आणि वेगळे झोपले सगळे.

त्या शनिवारी एकशे सात नंबरमध्ये एक जोडपं आलं. बाई पूर्वी टेलिफोन ऑपरेटर होत्या, बुवा लिफ्ट दुरुस्त करायचे. दोघेही निवृत्त. रिसेप्शनवाली त्यांना आल्या आल्या 'आजी-आजोबा' म्हणाली. मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे दोघांत मिळून एक बॅग होती आणि चेहऱ्यावर शाळा बुडवल्याचा आनंद होता. अशांना आजी-आजोबा म्हणायला जीभ रेटत नाही.

दुपारी एकला खोल्या साफ करणाऱ्या मावशींनी मला ढकलत आत नेलं आणि त्या गेल्या. बाई खिडकीशी उभ्या होत्या. गेल्या वर्षी मुलगा, सून, नातवंडं सगळ्यांबरोबर त्या इथेच आल्या होत्या म्हणे, आणि तीन दिवस मुलांचे ओले कपडे वाळत घालत बसल्या होत्या. खिडकीतून टेकडी दिसते हे त्यांना आज कळलं. "अहो, इकडे या ना," असं म्हणत त्या वळल्या.

बुवांनी मला उघडलं होतं.

मी आजवर शेकडो हात पाहिले. कोणाचं बोट अडकतं, कोणी उलट्या बाजूने ओढतं. या माणसाने एका हाताने खिटी काढली, गुडघ्याने जाळी दाबली, पंधरा सेकंदांत मी आडवा. चादरही टोकं ओढून घातली. इतक्या सराईतपणे मला कोणीच उघडलं नव्हतं.

"इथेही?" बाई म्हणाल्या.

बुवा आपल्या हातांकडे बघत राहिले. "सवय झालीय गं," ते पुटपुटले.

मग त्यांच्या बोलण्यातून हळूहळू मला सगळं कळलं. घरात यांची एक खोली होती. नातवाची परीक्षा आली म्हणून दोन महिन्यांसाठी त्यांनी ती त्याला दिली. त्या दोन महिन्यांना आता अडीच वर्षं झाली होती. बाई नातीच्या खोलीत झोपतात. बुवा हॉलमध्ये, माझ्याच जातीच्या एका पलंगावर. टीव्ही बंद झाला की उघडायचा, दूधवाल्याच्या आधी मिटायचा. एकमेकांशी दोन शब्द निवांत बोलायचे तर हे दोघं घरातल्या घरात फोनवर मेसेज करतात. कोणी त्यांना छळत नाही, सगळे प्रेमाने वागतात. फक्त ही दोघं आता एका खोलीत राहत नाहीत, हे कोणाच्या लक्षातच आलेलं नाही. मला अशा प्रेमळ माणसांचा फार राग येतो.

म्हणून त्यांनी थाप मारली. जुन्या सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न आहे, दोन दिवस राहायला चाललोय. आणि आले इथे.

"मग लावा पंखा आणि समजा हाच तुमचा हॉल," बाई म्हणाल्या. "मी आहेच टेकडी बघत."

बुवांचा चेहरा इतका पडला की माझ्याने राहवलं नाही. मी माझं मत दिलं. धाडकन मिटलो, चादरीसकट.

दोघं दचकली, मग बाईंना हसू फुटलं. "बघा, याला कळतं," त्या म्हणाल्या. दोघांनी मिळून मला दाराबाहेर ढकललं आणि आतून कडी लावली. पुढचं मला माहीत नाही. मी बाहेर होतो, आणि चहाड्या करण्यातला मी नाही.

तासाभराने रिसेप्शनवालीने मला कॉरिडॉरमध्ये पाहिलं आणि परत आत पाठवलं. दोघांनी परत बाहेर काढलं. पाचला मी पुन्हा आत. मावशी दर वेळी हसू दाबत होत्या. रिसेप्शनवाली मात्र काळजीने हैराण झाली होती. या वयात पाठ धरली तर कोण निस्तरणार, असं ती सारखी म्हणत होती. न विचारता केलेल्या काळजीत करणाऱ्याचीच सोय जास्त असते, हे तिला कोणीतरी सांगायला हवं होतं. मला तोंड नाही.

इथे एक घोटाळा झाला होता, तो या दोघांनाच जमला असता. हॉटेलच्या फॉर्मवर 'कुटुंबप्रमुखाचा नंबर' असा रकाना आहे. बुवांनी तिथे मुलाचा नंबर लिहिला होता. लपून आलेल्या माणसाने! पण गेली काही वर्षं दवाखाना असो, बँक असो, गॅस असो, ते मुलाचाच नंबर लिहीत आले होते. स्वतःचा लिहायचं त्यांना सुचलंच नाही. आणि आमच्या हॉटेलची तऱ्हा अशी की एक्स्ट्रा खोलीत गेला की त्या नंबरवर मेसेज जातो: आपला एक्स्ट्रा बेड पोहोचला आहे, आपल्या कुटुंबाला सुखाची झोप लाभो. सोबत हॉटेलचं नाव आणि खोलीचा नंबर.

असे तीन मेसेज गेले. सहा वाजता मुलाचा फोन आला.

वर्षानुवर्षं लिफ्टच्या यंत्रांपाशी काम करून बुवांना थोडं कमी ऐकू येतं, म्हणून बाईंनी फोन स्पीकरवर टाकला आणि आपला जुना नोकरीचा आवाज काढला, मधाळ आणि ठाम. लग्न छान झालं म्हणाल्या. नवरी गोड आहे. जेवण चालू आहे. नेमका त्याच वेळी बाहेर कर्णा गरजला: तीन वर्षांखालच्या मुलांच्या बेडूकउड्या आता सुरू होत आहेत.

मुलाने ती घोषणा पूर्ण ऐकून घेतली. मग म्हणाला, "आई, लग्नात एकशे सात नंबरच्या खोलीत तीन एक्स्ट्रा बेड कशाला लागले?"

बुवांनी डोळे मिटून घेतले. फॉर्म आठवला असावा. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि तो मधाळ आवाज बाजूला ठेवला.

"आम्हाला दोघांना एकत्र राहायचं होतं," त्या म्हणाल्या. "घरी जागा नाही म्हणून इथे आलो."

मुलगा गडबडला. असं का म्हणतेस, सांगायचं ना, आपण बघू काहीतरी, असं बरंच बोलला. पोराची परीक्षा, टेबलाची जागा, बाबांना तर हॉलमध्ये वारा छान लागतो, हेही झालं.

तेव्हा बुवांनी फोन हातात घेतला. मावशी सांगत होत्या, आल्यापासून हे गृहस्थ चार वाक्यंही बोलले नव्हते.

"वारा छान लागतो हे तू म्हणतोस," बुवा म्हणाले. "मी कधी म्हटलं नाही. आमची खोली रिकामी झाली की फोटो पाठव. मग निघतो."

आणि फोन ठेवला. बाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. एवढी रीत मलाही कळते.

दोघांनी मला पुन्हा बाहेर काढलं, आणि चौथ्या वेळी रिसेप्शनवालीने मला आत न्यायला सांगितलं तेव्हा मावशींनी सरळ सांगून टाकलं की एक्स्ट्राचं चाक मोडलंय, आणि मला व्हरांड्यातच उभं करून ठेवलं. माझं चाक ठणठणीत होतं. मावशींचा मला अभिमान वाटला.

रविवारी अकराला खोली सोडायची असते. अकरा वाजले, बारा वाजले, दोघं व्हरांड्यात चहा पीत बसलेली. बॅग भरलेली, पण दाराशी आणलेली नव्हती. सुनेचे दोन फोन आले. बाईंनी गोडीत विचारपूस केली आणि फोटोचं विचारलं. बुवा मधूनच म्हणत होते, जाऊ दे, पोरं दमतात, परत कधीतरी बघू. बाई म्हणाल्या, तुम्हाला जायचं तर जा, हॉलमध्ये वारा आहे. बुवा बसून राहिले.

चारला फोटो आला.

बाईंनी तो बोटांनी मोठा केला, डावीकडून उजवीकडे तपासला. मोठा पलंग, दोन उश्या. अभ्यासाचं टेबल गेलेलं. भिंतीवर नातवाने चिकटवलेले कागद निघाले होते, पण चिकटपट्टीचे डाग राहिले होते. बुवा मान वाकवून बघत होते.

"चादर उलटी घातलीय," बाई शेवटी म्हणाल्या. "असू दे. आपण गेल्यावर घालू नीट."

त्यांनी बॅग माझ्यावर ठेवली आणि मला दोन बाजूंनी ढकलत फाटकापर्यंत नेलं. माझी चाकं उजवीकडे ओढतात, त्यामुळे दोघंही वाकडी चालत होती आणि एकमेकांवर त्याचं खापर फोडत होती.

आता मी पुन्हा जिन्याखालच्या कोठडीत आहे, दोन मोडक्या छत्र्या आणि एका फुग्याच्या हंसाशेजारी. रिसेप्शनवरचा नियम अजून आहे. मावशी मात्र हल्ली साठीच्या वरच्या पाहुण्यांच्या दारावर आधी टकटक करून विचारतात, आणि दहातले सात जण मला नको म्हणतात. माझी मागणी घटली, तरी मला बरं वाटतं.

कोणाची पाठ दुखत असेल तर मला जरूर बोलवा. पोरांना उड्या मारायच्या असतील तर दोनदा बोलवा. पण घरात कोणासाठी रोज असा एखादा पलंग उघडला जात असेल, तर आज त्या माणसाजवळ बसा आणि विचारा, तुम्हाला कुठे झोपायचंय? तो 'चालेल मला' म्हणेल. तेवढ्यावर उठू नका. पुन्हा विचारा. आम्ही मुकाट्याने उघडतो आणि मुकाट्याने मिटतो, म्हणजे ते आम्हाला पटलेलं असतं असं नाही.