तानाबाईची बाटली

काचेला डोळा लावला की आमचा श्रावण गावाला जातो, असं आमचे डॉक्टर वासुदेवराव माझ्याबद्दल चारचौघांत सांगायचे. मला राग यायचा. ते खोटं बोलले असते तर आला नसता. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात शेण, रक्त, लघवी तपासायचं माझं काम, आणि सूक्ष्मदर्शकाच्या त्या पितळी नळीतून एकदा खाली उतरलं की मला खरंच वर यावंसं वाटत नसे. तिथे कुणी हाका मारत नाही. सगळं हळूहळू चाललेलं असतं.

एक्क्याऐंशीच्या हिवाळ्यात अल्लीपूरच्या तानाबाईची डुकरं मरायला लागली. सरकारी योजनेतली, विलायती जातीची, पांढरीशुभ्र अकरा डुकरं. आठवड्यात तीन गेली. उरलेल्यांतल्या चारांना हगवण लागली होती. डॉक्टर जाऊन पाहून आले आणि तिला स्पष्टच बोलले. हा डुकरांचा मोठा ताप असेल तर त्याला औषध नाही. गावोगाव पसरू नये म्हणून आठही मारून चुन्याच्या खड्ड्यात पुरावी लागतील. आतड्यात जंतू शिरून आव झाली असेल, तर पाण्यातून औषध देऊन वाचवता येतील. हगवण दोन्हींत असते. पण आवेचे जंतू नागमोडी असतात आणि विष्ठेत काचेखाली दिसतात. "सगळ्यांत आजारी डुकराची विष्ठा उद्या आणा," असं सांगून डॉक्टर परतले.

सकाळच्या पहिल्या एसटीनं तानाबाई आली. पन्नाशीची बाई, कपाळ मोकळं, पांढरं लुगडं नीट चापूनचोपून नेसलेलं. "जय भीम, भाऊ," म्हणून तिनं बाटली पुढे केली. उकळून घेतलेली, बूच घट्ट बसवलेलं, वर नव्याकोऱ्या रुमालाची घडी. सगळा प्रवास तिनं ती मांडीवर धरून केला होता.

मी थेंबभर पाण्यात कण कालवून काचपट्टीवर घेतला आणि खाली उतरलो. ज्वारीच्या कोंड्याचे सोनेरी तुकडे तरंगत होते. पिठाचे गोल कण उजेड पिऊन बसले होते. मधूनच काड्यांसारखे साधे जंतू, आपापल्या कामात गुंग. दुसऱ्या पट्टीला जांभळा रंग दिला, तर संध्याकाळच्या रानात शिरल्यासारखं झालं. मी फिरत राहिलो, किती वेळ कोण जाणे. नागमोडी काहीच भेटलं नाही. त्या देखण्या शांततेचा मला संशय यायला हवा होता.

"काही नाही," मी डोळा काढून म्हणालो.

तानाबाई हसली. "काई नाई म्हंजे बरंच हाय न, भाऊ?"

वासुदेवरावांनी चष्मा काढला. "बरं नाही, बाई. आव नाही म्हणजे तापच धरावा लागेल. उद्या खड्डा खणायचा."

ती पायरीवर जाऊन बसली. रुमाल उलगडत होती आणि पुन्हा घडी घालत होती. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी बाटलीकडे बघितलं. आतला ऐवज घट्ट, सुबक. रक्त नाही, शेंबडासारखी तार नाही. मी बाटली घेऊन पायरीशी गेलो.

"तानाबाई, ही कोणत्या डुकराची?"

ती खाली बघून बोलली. "चंद्रीची. ते चांगली हाय अजून."

"आजारी डुकराची आणायला सांगितली होती ना!" मी ओरडलोच.

"रक्ताचं तसलं सायबाच्या टेबलावर कसं ठेवू, भाऊ? माह्या दारावरून लोकं नाक दाबून जाते. घाणीतली बाई म्हन्ते. म्हनलं, हापिसात तरी आपलं चांगलं दिसू दे."

सकाळी मी तिची बाटली दोन बोटांनी उचलली होती.

जंतू ताज्या विष्ठेतच हलताना दिसतात. म्हणून मी सूक्ष्मदर्शकाची लाकडी पेटी उचलली आणि दुपारच्या गाडीनं तिच्याबरोबर निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, बाहेर उजेडच उजेड.

तिचं अंगण आमच्या दवाखान्यापेक्षा स्वच्छ होतं. स्टुलावर नळी उभी केली, खालचा आरसा सूर्याकडे फिरवला. मैना नावाची डुकरीण भिंतीला टेकून पडली होती. तिची कोमट, रक्ताळलेली विष्ठा पट्टीवर घेतली, वर काच ठेवली आणि उतरलो. आधी नुसतं धुकं. मग त्या धुक्यातून ते आले. सळसळत, वळणं घेत, एकामागून एक, मोजता येईनात इतके. मला आनंद झाला. रोगाचे जंतू बघून आनंद होतो, याची लाजही वाटली.

"बघा," मी बाजूला झालो.

एक डोळा मिटायला तिला जमेना, तो तिनं तळहातानं झाकला. "अगं माय! हे तं नाचून राह्यले!"

"हीच आव. ताप नाही. खड्डा नको."

मी दोनदा हाक मारली तरी ती डोळा काढीना. तीही गावाला गेली होती. डोळा काढला तेव्हा तो ओला होता.

पाण्यातून औषध सुरू झालं. एक डुक्कर तरीही गेलं, सात वाचली. जंतू गेले की नाहीत हे पाहायला तीन आठवड्यांनी पुन्हा विष्ठा मागवली. तो बाजाराचा दिवस, बैल-म्हशीवाल्यांनी दवाखान्याचा ओटा भरलेला. तानाबाई गर्दीतून वाट काढत आली. बाटलीवर रुमाल नव्हता. डॉक्टरांच्या टेबलाच्या मधोमध तिनं ती ठेवली. कुणीतरी नाकाला धोतराचा सोगा लावला. त्यानं तो काढेपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली.

मी बाटली पूर्ण हातानं उचलली. बराच वेळ शोधलं.

"काही नाही," मी म्हणालो.

या वेळी ती हसली नाही. "पैले इचारा न, भाऊ, कोन्या डुकराची हाय!"

"कोणत्या?"

"मैनाची," ती म्हणाली, साऱ्या ओट्याला ऐकू जाईल अशी. "मरून राह्यली होती न, तिची."